चार रंगांची मशीन

मला कॉम्प्युटरच्या दुकानात शिरताना बघून चेतन ओसवाल खुर्चीवरून उठला, चेहरा पाडला आणि दोन्ही हात जोडले.

"फार वाईट झालं, काकी. काकांसारखा माणूस होणे नाही."

"कुणाचं वाईट झालं?" मी विचारलं.

तो चाचरला. त्याची नजर माझ्या कपाळावर गेली, मग गळ्याकडं. कुंकू जागेवर होतं, डोरलं जागेवर होतं.

"नाही, म्हणजे... नाक्यावर कागद लागलाय ना काकांचा..."

"वाचलास का?"

"फोटो बघितला, हात जोडले. गाडीवर होतो, काकी."

"हात जोडता येतात, वाचता येत नाही? मी चौथीतनं शाळा सोडली, तू कॉलेज करून आलास. तरी तो कागद मला वाचता येतो. 'हरवले आहेत' असं लिहिलंय त्यावर. हरवलेत. गेले नाहीत."

माझ्या सुनेनं, वृषालीनं, मागून माझा दंड धरला. "आई, हळू."

"हळू कशाला? दुकान काय दवाखाना आहे?"

 मी तिचा हात झटकला.

आमचे हे त्याच आठवड्यात एका सकाळी चहा पिऊन घराबाहेर पडले होते, ते परत आले नव्हते. मी माझ्या मिरची-कांडपाच्या गिरणीत होते, वृषाली पोराला शाळेत सोडायला गेलेली. वर्षभर त्यांना विसर पडत होता. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आपलीच गल्ली. मुलगा मस्कतला, रजेसाठी साहेबाच्या पाया पडत होता. पोलिसात वर्दी दिली होती. स्टँड झालं, दवाखाने झाले, देवळं झाली. कृष्णेचा घाट मी स्वतः चालून आले, पाण्याकडं न बघता. कराडात राहून नदीकडं पाठ करून चालणारी बाई तेव्हा मी एकटीच असेन.

हवालदारानं सांगितलं, फोटोचे कागद लावा. वृषाली झेरॉक्सवाल्याकडं गेली. तो माणूस रोज दहाव्या-तेराव्याचे कागद काढणारा. त्याच्या कॉम्प्युटरात चौकट तयारच. त्यानं हाताच्या सवयीनं ह्यांचा फोटो तीत बसवला. काळी किनार, दोन कोपऱ्यांत समया, मधे लग्नातला फेटा बांधलेलं तोंड, तेही काळंपांढरं. खालचा मजकूर आम्ही दिला तोच होता, पण खालचं वाचतो कोण? आपल्याकडं खांबावर म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो दिसला की लोक छातीला हात लावतात आणि पुढं जातात. वृषाली रडून रडून अशी झाली होती की तिनं गठ्ठा उचलला आणि गावभर, अगदी पार कारखान्याच्या रस्त्यापर्यंत चिकटवून आली.

दुसऱ्या दिवशी विट्याहून माझी नणंद आली, ती कोपऱ्यावरनंच हंबरडा फोडत. कुणीतरी एसटीतनं कागद बघून तिला फोन केला होता. माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता तिनं माझ्या हातातल्या बांगड्या चाचपल्या. मी तिला अशी लोटली की ती ओट्यावर जाऊन बसली.

"वन्सं, तुमचा भाऊ हरवलाय. माझ्या बांगडीला हात लावाल तर याद राखा."

"आगं, मग कागदावर समया कशाला लावल्यास?"

तेव्हा मी तो कागद पहिल्यांदा नीट बघितला. माझ्या नवऱ्याचं सुतक सगळ्या गावानं धरलं होतं, आणि शोधत कुणीच नव्हतं.

म्हणून रंगीत पाहिजे होतं. झेरॉक्सवाला रंगीत पानाला दहा रुपये मागत होता, आणि त्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं चुकचुकायचं. मी म्हटलं, माझ्या माणसाचं तोंड मी माझ्या घरात छापीन.

तर चेतननं टेबलावर तीन छपाईच्या मशिनी मांडल्या.

"महिन्याला किती पानं काढणार, काकी? सगळं त्यावर आहे."

 वृषालीनंच विचारलं, "फरक काय आहे तिघींत?"

"ही लेझर. हिच्यात शाई नसते, पावडर असते. ओलं झालं तरी रंग पसरत नाही. पण रंगीत लेझर घरात कुणी घेत नाही, किंमत ऐकूनच लोक पाणी मागतात." त्यानं ती बाजूला सारली. "ही दुसरी स्वस्त. हिच्यात दोन डब्या असतात, एक काळी, एक रंगीत. रंगीत डबीत लाल, पिवळा, निळा, तिन्ही एकत्र. मशीन स्वस्त, पण डबी महाग. आणि पानभर फोटो काढत बसलात तर डबी बघता बघता संपते."

"आणि एकच रंग संपला तर?" वृषालीनं विचारलं.

"तर आख्खी डबी टाकायची."

"का?" मी म्हटलं. "एक मेला म्हणून घरातली बाकीची दोघं बाहेर काढायची? कुठल्या शहाण्यानं केलीय ही?"

"कंपन्या मशीन विकत नाहीत, काकी, शाई विकतात." तो हसला आणि माझं तोंड बघून थांबला. "ही तिसरी टाकीवाली. बाजूला चार टाक्या, चार बाटल्या, जो रंग संपेल तो ओतायचा. एकदा भरली की हजारो पानं. पान काही पैशांत पडतं. पण मशीनला स्वस्तवालीच्या तिप्पट पैसे."

"आई, टाकीचीच घेऊया," वृषाली म्हणाली. "पुढचा विचार केला तर तीच परवडते."

"पुढचा कसला विचार?"

ती खाली बघायला लागली.

"बोल की. पुढचा म्हणजे कुठवरचा? दिवाळीपर्यंतचा? पोराच्या लग्नापर्यंतचा?"

"आई, मी शाईचं बोलतेय."

"मी पण शाईचंच बोलतेय. हजारो पानं कुणाला पाहिजेत? चेतन, ती स्वस्तवाली धाकटी बांध."

"काकी, वहिनी बरोबर बोलतायत. दोन डब्या बदलल्या की..."

"तुला विकायची आहे का मला शिकवायचंय?"

मी ओचा खोचला, पैसे मोजले आणि खोकं स्वतः उचललं. रिक्षात वृषाली एका अंगाला, मी एका अंगाला, मधे खोकं.   

या खेपेला फोटो वृषालीनं निवडला. फेटा नको म्हणाली, फेटा रोज कोण बांधतं? तिच्या मोबाईलमधला, गिरणीच्या दारात बसलेला, मरून रंगाच्या स्वेटरचं वरचं बटण उघडं, कशाला तरी हसत होते तो. मजकूर मी सांगितला, तिनं बसवला. मशीन दोनदा कुरकुरली आणि कागद बाहेर आला.

मी तो हातात घेतला. शाई ओली होती. गालावरचा तांबूसपणा, स्वेटरचा मरून, मागची गिरणीची हिरवी फळी, सगळं जिथल्या तिथं. सोमेश्वरच्या जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसं मला झालं. मी कागद वृषालीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा आवाज करत उभी राहिले.

मशीन कुरकुरत राहिली. आम्ही कागद पलंगावर, जमिनीवर, खिडकीत पसरून वाळवत होतो. हिवाळ्याचे दिवस, बाहेर दव पडायचं, म्हणून वृषालीनं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या कागद घालायला. जिकडं बघावं तिकडं हे हसत होते.

मग वृषाली म्हणाली, "आई, जरा बघा हे."

तिच्या हातातल्या कागदावर ह्यांचा चेहरा उतरला होता. तांबूसपणा गेला होता. मी म्हटलं, पुढचा काढ. पुढचा आला. गाल पिवळट हिरवे, ओठ राखेसारखे. त्याच्या पुढच्याला पिवळाही गेला. निळंकाळं तोंड, निळे ओठ, निळा हात मांडीवर, आणि हसू तसंच. पाण्यातून काढलेला माणूस आमच्या मशीनमधून इंचा-इंचानं बाहेर येत होता.

"बंद कर."

"आई, लाल, पिवळा संपलेत, बाकी काही नाही..."

"बंद कर म्हणते ना!"

तिला बटण सापडेना. अजून एक पान बाहेर सरकत होतं. मी भिंतीतली वायर उपसली. कागद अर्ध्यात अडकला, कपाळ आणि डोळे तेवढे बाहेर. मी तो ओढून काढला, चुरगाळला आणि कुठं ठेवायचा ते मला कळेना. कचऱ्यात टाकवेना, चुलीत घालवेना. शेवटी पदरात बांधला.

फोन वाजला, तो त्याच वेळी. वृषालीनं घेतला. ती नुसतं "हो, हो" म्हणत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

"काय म्हणतायत?"

"हवालदार आहेत. खाली बंधाऱ्यापाशी..." तिनं फोन ठेवला. "ओळखायला बोलावलंय, आई."

दवाखान्याच्या मागच्या बाजूच्या त्या खोलीपर्यंत मी कशी गेले ते मला आठवत नाही. फिनेलचा वास आठवतो आणि हवालदाराचे बूट. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काकी, तुम्ही बाहेर थांबा, सुनबाई बघतील."

"नवरा माझा आहे."

"पाण्यात माणूस बदलतो, म्हणून म्हणतो."

"तोंड झाकलेलं राहू दे," मी म्हटलं. "पाय दाखव."

त्यानं खालून चादर सारली. मी डोळे मिटून उभी होते. वृषालीचा श्वास ऐकू येत होता. मनात म्हटलं, बाई, दर सणाला ह्या पायांवर डोकं ठेवलंस, आता बघ. आणि बघितलं.

रुंद पाय. बोटं एकमेकांपासून लांब, अनवाणी चालणाऱ्याची. आमच्या ह्यांचे पाय लांबुडके, दुसरं बोट अंगठ्याच्या पुढं गेलेलं. सासूबाई म्हणायच्या, असलं बोट असलेला माणूस घरात ठरत नाही.

"माझे नाहीत," मी म्हटलं.

"खात्रीनं?"

"तुझी आई तुझ्या बापाचे पाय ओळखत नाही होय रे?"

त्यानं चादर ओढून घेतली. कुणाचा तरी होता तो. त्याच्या नावाचा एकही कागद कुठल्या खांबावर नव्हता, काळा नाही की रंगीत नाही.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. वृषाली शेजारी बसली. आतापर्यंत ती मला अशी खेटून कधी बसली नव्हती.

"आई, एक विचारू? रागावू नका. ती छोटी मशीन का घेतलीत? पैशाचं म्हणाल तर तुम्ही अशा नाही."

मी पदराची गाठ चाचपली.

"टाकीवाली घेतली असती," मी म्हटलं, "तर हजारो पानं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी देवाला धाकटी दाखवली. म्हटलं, बघ, माझ्याकडं एवढीच शाई आहे. एवढ्यात काय ते आटप."

तिनं माझा हात धरला. या खेपेला मी तो राहू दिला.

"उठ," मी म्हटलं. "दुकान बंद व्हायच्या आत जायला पाहिजे."

चेतननं आम्हाला बघून आधी हात मागं घेतले. "उघडलेली मशीन परत घेता येत नाही, काकी, नियम आहे."

"परत कोण देतंय? ती टाकीची दे. आणि बाटल्या चारी रंगांच्या, वर लाल एक जास्त."

"लाल का जास्त?"

"तोंडाला तोच लागतो."

त्यानं खोकं काढलं. मशीन चालवायला तो स्वतः घरी आला. टाक्यांत शाई कशी ओतायची ते वृषालीला दाखवलं, आणि कागदांचा एक गठ्ठा गाडीला लावून घेतला. म्हणाला, उंडाळ्याकडं जातोय, वाटेत लावतो. मी त्याला चहा दिला. तोंडानं मात्र म्हटलं, "सरळ लाव. आणि आता तरी वाच."

त्यानंतर आमची मशीन रोज चालली. मी गिरणी बंद ठेवली. वृषाली छापायची, मी वाळवायची, आणि जे कुणी ज्या वाटेनं जाईल त्याच्या हातात कागद द्यायची. दूधवाला, भाजीवाली, ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले. प्रत्येकाला बजावायची, आधी लावलेला काळा दिसला की फाडून टाक. शाईच्या टाक्या बाहेरून दिसतात. लालची पातळी खाली जायची तशी माझ्या अंगातून काहीतरी खाली जायचं. बाटली ओतून भरली की तेवढ्यापुरती मी बरी असायची. रात्री अंथरुणावर पडलं की अंधारात निळं तोंड यायचं.

फोन आला तो ट्रॅक्टरवाल्याचा. वाळव्याच्या अंगाला, उसाच्या फडात, बीडकडची तोडणीची टोळी होती. "तुमी दिलेला कागुद मी ट्रॉलीला लावलावता," तो म्हणाला. "इथली एक बाई त्याच्यापुढनं हलंना. म्हणती, ह्यो बाबा आमच्यात हाय."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. फडाच्या कडेला पाचटानं शाकारलेल्या कोप्या, धूर, बैल. एक काटक बाई पुढं आली. कमरेला कोयता, कडेवर पोर. शांताबाई नाव सांगितलं.

"तुमीच का माय? बाबा हाय ठणठणीत. रस्त्याच्या कडंला बसलं व्हतं, कुठं जायाचं इचारलं तर म्हनलं, तुमच्यासंग. गाडीत घेतलं. बैलाला पानी दावत्यात, पोरं संबाळत्यात."

"आगं, मग कुणाला सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला. "इथं आमचा जीव गेला!"

"कुनाला सांगावं माय? पोलिसाला? त्यो आमालाच इचारील, म्हातारं कुठनं उचाललं. आन् कागुद तर आमी आधीबी बघितला व्हता. कारखान्याच्या वाटंवर."

"मग?"

"त्यो काळा व्हता, समया लावल्याला. माझा मालक म्हनला बी, ह्यो आपल्या बाबासारका दिसतोय. मी म्हनलं, येडा का खुळा? त्यो मेल्याला मानूस हाय आन् आपला बाबा भाकरी खातोय. दोगांनी हात जोडलं आन् गेलो." तिनं कडेवरचं पोर सावरलं. "ह्यो रंगीत बघितला तवा कळलं, जित्या मान्साचा हाय म्हनून."

 

तिनं बोट दाखवलं. बैलांच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून हे उकिडवे बसले होते, उसाच्या हिरव्या वाढ्याची पेंढी सोडत. मरून स्वेटर मळून काळपट झाला होता. दाढी वाढली होती, ती मागूनही दिसत होती.

वृषाली धावायला निघाली, मी तिला अडवलं. का अडवलं, ते मला सांगता येत नाही. इतके दिवस ते सापडणार नाहीत म्हणून घाबरले होते. आता दहा पावलांवर होते आणि माझा पाय उचलेना.

"अहो," मी हाक मारली.

ते हलले नाहीत.

"अहो, ऐकलंत का? मी आलेय."

पेंढी सोडायचं काम चालूच. बैलानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, ह्यांनी नाही. मी दोन पावलं पुढं गेले. लग्न होऊन घरात आले तेव्हापासून जे नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, पोलिसातसुद्धा सुनेकडून सांगवलं होतं, ते मी मोकळ्या रानात, परक्या माणसांच्या देखत घेतलं.

"दौलत!"

ते थबकले. पेंढी खाली ठेवली, हात स्वेटरला पुसले आणि घाईघाईनं उठून वळले. चेहरा घाबरलेला, उशीर झाल्यावर पोराचा असतो तसा. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि त्यांच्या सबंध तोंडावर रंग आला.

"आलो, आई," ते म्हणाले. "मारू नको. बैलांचं पाणी तेवढं राहिलंय."

वृषालीनं तोंडात पदर घातला. मागं शांताबाई काहीतरी पुटपुटली. माझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात डोरलं होतं, आणि समोर माझा नवरा उभा होता.

मी पुढं झाले आणि त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"नाही मारत," मी म्हटलं. "पाणी दाखव आणि चल घरी."